सातव्या नंबरचा अर्थ

७ जानेवारी २००२, सोमवार

माझं आयुष्य आज संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी बदललं. वेळ नक्की सांगता येते, कारण हिल्डा टीचरच्या ओटीवरचं घड्याळ बरोबर तिच्या डोक्यावर होतं.

या इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासला मी आलो तो आईच्या कटकटीमुळे. एस. वाय. बी. कॉम. अर्ध्यावर सोडून सव्वा वर्ष झालं. सोडलं म्हणजे, सरांनी भर वर्गात मला गावावरून 'ए सांडोरची केळी' म्हणून हाक मारली आणि मी त्यांचं डस्टर खिडकीबाहेर फेकलं. माफी माग म्हणाले, मागितली नाही. तेव्हापासून बाबांच्या हाताखाली वाडीत केळी आणि भाजी. हिल्डा टीचर होळी नाक्याला राहतात. शाळेतून रिटायर झाल्या आणि आता कॉल सेंटरमध्ये जाऊ बघणाऱ्यांना ओटीवर बसवून बोलायला शिकवतात.

आज जोड्या लावल्या. माझ्या वाट्याला राधिका आली. आंबाडी रोडला राहते, हातावर तव्याचा चटका. तिने विचारलं, "व्हॉट डू यू डू?" मी म्हटलं, "आय डू नथिंग." मागे जितेंद्र फिस्सकन हसला. ती हसली नाही. म्हणाली, "आय ऑल्सो वॉन्ट टू डू नथिंग. फॉर वन डे."

एवढंच. पण सव्वा वर्षात मला कुणी हसलं नाही असं पहिल्यांदा झालं. घरी एम-एटी गाडी कुठल्या रस्त्याने आणली आठवत नाही.

९ जानेवारी, बुधवार

राधिका क्लासमध्ये पेंगली. चक्क मान खाली गेली. टीचर म्हणाल्या, "राहू दे तिला." सुटल्यावर मी धीर करून विचारलं तर म्हणाली, बिल्डिंगला टँकर आला नाही, पहाटे चारला उठून खालून चार मजले बादल्या चढवल्या.

मी म्हटलं, आमच्या विहिरीला बारमाही गोडं पाणी आहे, पिण्याचं मी आणून देतो. ती म्हणाली, "नको, कशाला."

नको म्हणण्याची किती छान पद्धत.

१० जानेवारी, गुरुवार

दोन कॅन एम-एटीला बांधून नेले. बाबा विहिरीवरच उभे होते. "कुठे?" मित्राकडे म्हटलं. म्हणाले, "गावाने टँकरवाल्यांना विहिरी दिल्या नाहीत, रस्त्यावर बसलो तेव्हा तू चड्डीत होतास. आता घरातूनच टँकर सुरू झाला म्हणायचा." मी उलट बोललो नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण असं सहसा होत नाही.

दार तिच्या वडिलांनी उघडलं. प्रल्हादकाका. फोर्टला ऑफिसात आहेत, मूळचे राजापूरकडचे. आत आजोबा टीव्हीसमोर, भाऊ वेदांत बारावीचं पुस्तक पोटावर ठेवून आडवा. आई चार वर्षांपूर्वी गेल्या, असं भिंतीवरच्या फोटोवरून कळलं. काका म्हणाले, "वा, गोडं पाणी. रोज आणणार?"

रोज. हो म्हणालो. 

१४ जानेवारी, सोमवार. संक्रांत

तिच्याकडे तिळगूळ घ्यायला बसवलं. बसवलं म्हणजे खुर्चीत, बूट काढून. ती आत गुळपोळ्या लाटत होती. काका म्हणाले, "राधिका, पाहुण्यांना पाणी दे." आजोबा म्हणाले, "मला अजून एक, तूप जास्त." वेदांत म्हणाला, "ताई, माझा पांढरा शर्ट?" ती एकेक करून सगळं आणत होती, पायाला भिंगरी लावल्यासारखी. कुणी जेवलं का विचारलं नाही तिला, पण तिच्या चेहऱ्यावर एक आठी नाही.

मी आणलेलं पाणी तिने मला दिलं. काका म्हणाले, "आता तू घरातलाच." हे त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं. आजोबांनी मान हलवली, मी बघितलं.

आमच्या आईची कंबर धरते, तिला आता एकटीने रेटवत नाही. अशी मुलगी आमच्या घरात आली तर आई नुसती बसून राहील.

२२ जानेवारी, मंगळवार

आज जे झालं ते लिहायचं नव्हतं. पण लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

टीचरनी नवीन यादी दिली. दुसऱ्याची मर्जी सांभाळायच्या, पुढेपुढे करायच्या इंग्रजी वाक्प्रचारांची. दहा आहेत. कॉल सेंटरच्या मुलाखतीत लागतात म्हणे. टीचर म्हणाल्या, "बघा, या लोकांनी जगाकडून इतकी सेवा करून घेतली की तिच्यासाठी शब्दांची दुकानं काढली. आपल्याकडे तेवढी सेवा होते, शब्द मात्र कुणी काढले नाहीत."

चौथ्या नंबरला 'बेंड ओव्हर बॅकवर्ड्स' होतं. टीचरनी विचारलं, कुणाला येतंय? मी उठलो. वाटलं, राधिकाला दाखवूया. म्हटलं, मागे वाकायचं. आणि कमरेवर हात ठेवून मागे वाकून दाखवलं. सगळी ओटी हसली. टीचर म्हणाल्या, "अरे बाबा, वाकायचं नाही. दुसऱ्यासाठी जमणार नाही तेसुद्धा करायचं." ते मी ऐकलं असतं. पण जितेंद्र म्हणाला, "वाकू दे ना टीचर, रोज चार मजले पाणी नेतो, सराव आहे त्याला."

मी राधिकाकडे पाहिलं. ती खाली वहीत बघत होती. म्हणजे पाण्याचं सगळ्यांना माहीत होतं.

वही फेकली आणि निघून आलो. टीचर मागून "सुजय, सुजय" करत फाटकापर्यंत आल्या. त्यांची ती चप्पल न घालता आलेली पावलं डोळ्यांसमोरून जात नाहीत. त्या काय माझ्या वाईटावर होत्या?

२४ जानेवारी, गुरुवार

माफी मागितली. टीचरची. आयुष्यात पहिली. त्या म्हणाल्या, "हॉट हेड, बस." आणि फुग्याचा तुकडा पुढे केला. गोड भजं असतं ते, ख्रिसमसचा राहिलेला मैदा संपवत होत्या.

परवाचे पाच ते दहा नंबर माझे बुडाले. क्लासमधल्या रीटाच्या वहीतून उतरवून घेतले, पण रीटा अर्थ लिहीत नाही, तिला येतं म्हणून. टीचरना विचारायची लाज वाटली. घरी डिक्शनरी घेऊन बसलो. बाकीचे जमले. सातवा जमला नाही: 'वेट ऑन समबडी हॅन्ड ॲन्ड फूट'.

वेट म्हणजे वाट बघणं, हे शेंबड्या पोराला कळतं. हॅन्ड हात, फूट पाय. कुणाची तरी वाट बघणं, हात आणि पाय. सेवेच्या यादीत वाट बघणं कशाला? मग कळलं. वाट बघणं हीसुद्धा सेवाच. मी दुसरं काय करतोय?

होमवर्क असा आहे: दहाही वापरून स्वतःबद्दल दहा वाक्यं. टीचरची अट, वाक्य खरं हवं. "खोटं इंग्लिश मला नको, ते तुम्हाला कॉल सेंटरवाले शिकवतील."

२९ जानेवारी, मंगळवार

आज अक्षर वाईट येईल.

टीचरनी वह्या तपासून ठेवल्या होत्या. राधिका आली नव्हती, आजोबांना डॉक्टरकडे न्यायचं होतं. मी म्हटलं, तिची वही मी देतो, पाणी नेतोच आहे. टीचरनी दिली.

वाचायला नको होती. कळतं मला. वाडीच्या बांधावर बसून वाचली.

सातव्या नंबरला तिने लिहिलंय: 'आय हॅव वेटेड ऑन थ्री मेन हॅन्ड ॲन्ड फूट. आय विल वेट ऑन नो मॅन नाऊ.' खाली टीचरच्या लाल पेनाने: 'ब्रेव्ह गर्ल.'

तीन पुरुष. तिने तीन पुरुषांची वाट बघितली. आणि आता कुणाची बघणार नाही.

तीन कोण? एवढीशी मुलगी, कॉलेज संपून दीड वर्ष झालंय, तीन कधी झाले? आणि टीचरसारखी चर्चला जाणारी बाई त्यावर शाबासकी देते. मी दहा वेळा वाचलं. थ्री मेन. मेन म्हणजे मॅनचं अनेकवचन. चूक नाही.

वही दिली नाही. काकांना सांगितलं, अजून टीचरकडेच आहे. हे खोटं बोललो.

३१ जानेवारी, गुरुवार

दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. बिल्डिंगच्या खाली उभं राहून येणारे-जाणारे मोजले. दुसऱ्या मजल्यावरचा एक बँकवाला तिला "काय राधिका" म्हणतो. इस्त्रीवाला हसतो. पण मुख्य संशय जितेंद्रवर.

आज पापडी गावच्या नाक्यावर त्याला गाठलं, कॉलर धरली. म्हटलं, "राधिकाला किती दिवस थांबवून ठेवलंस?" तो आधी घाबरला, मग माझ्याकडे बघत राहिला. "मी कुठे थांबवलं? उलट आम्ही बरोबर जातोय." कुठे? "पुण्याला. आम्ही चौघं सिलेक्ट झालो, अंधेरीला मुलाखत झाली ना. अठरा तारखेपासून ट्रेनिंग, मुलींना होस्टेल. तुला नाही सांगितलं तिने? तू तर घरातला." मग कॉलर नीट करत म्हणाला, "माझं लग्न ठरलंय रे, नालासोपाऱ्याची आहे. सोड आता, लोक बघतायत."

सोडली. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली, ती थोबाडीत मारल्यापेक्षा जास्त लागली.

अठरा तारीख. म्हणजे अठरा दिवस.

२ फेब्रुवारी, शनिवार

उलगडलं. पहाटे केळीच्या पानांवरून पाणी टपटपत होतं, पाट सोडला होता, आणि एकदम उलगडलं.

मी 'थ्री मेन'वर अडकलो होतो, आणि खरं वाक्य शेवटी आहे. हॅन्ड: मुलीचा हात मागतात तो हात. फूट: पाऊल उचलतात ते पाऊल. तिघांची वाट बघितली, की हात मागतील, पाऊल उचलतील. कुणी उचललं नाही. आता ती कुणासाठी थांबणार नाही, पुण्याला जाणार. आणि वही कुणाच्या हाती येणार, हे तिला माहीत होतं. पाणी रोज मी नेतो. आजोबांचा डॉक्टर नेमका त्याच दिवशी?

ती मला सांगतेय. हात माग. पाऊल उचल.

तीन जण कोण होते ते मला जाणून घ्यायचं नाही. माफ केलं.

५ फेब्रुवारी, मंगळवार

क्लासमध्ये राधिकाने विचारलं, "माझी वही टीचरकडेच आहे ना?" मी म्हटलं, हो, तपासायची राहिलीय. ती घाबरलेली दिसली. "घरी देऊ नकोस हां कुणाकडे. मलाच दे." मी म्हटलं, "मला कळलंय." ती म्हणाली, "काय कळलंय?" मी नुसता हसलो.

ती हसली नाही. लाजली असेल.

पण एक कळत नाही. कळलं असेल तर ती मोकळी का दिसत नाही? परत परत वाक्य वाचतो. कधी वाटतं बरोबर आहे, कधी वाटतं, टीचरना जाऊन सरळ विचारावं. फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. अर्थ विचारायचा म्हणजे तिची वही वाचली हे सांगायचं.

७ फेब्रुवारी, गुरुवार

आईला सांगितलं. ती सुरणाचे कांदे माती झटकून टोपलीत भरत होती. अजून दोन कांदे झटकले. मग म्हणाली, "करते काय ती?"

मी सगळं सांगितलं. पहाटे उठते, तिघांचं करते, डबे, कपडे, आजोबांची औषधं, तरी क्लासला येते. "आई, तुला बसून राहायला मिळेल."

आई म्हणाली, "म्हणजे तिथून सुटली की इकडे."

"सुटली काय? लग्न होईल तिचं."

"मी तेच म्हणते." मग टोपली माझ्या डोक्यावर दिली. "तिला विचारलंस?"

"तिने लिहून दिलंय."

"लिहून?" आई हसली, पण बरं वाटेल असं हसली नाही. "आमच्या वेळी कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. लिहून देते म्हणजे हुशार आहे. मग तुला काय कळलं ते तिला एकदा सांगून बघ, अर्थ तोच निघतो का."

बायका उगाच गुंतागुंत करतात. रविवारी जाणार. रविवारी सगळे घरी असतात.

१० फेब्रुवारी, रविवार

दुपारचे तीन. वाडीतल्या खोलीत बसून लिहितोय. क्रमाने लिहितो, म्हणजे कुठे काय चुकलं ते दिसेल.

सकाळी अकराला गेलो. कॅन नेले नाहीत. इस्त्रीचा शर्ट, सोनकेळ्यांची एक फणी, आणि वही. दार उघडंच होतं. काकांनी माझ्या हाताकडे पाहिलं. "पाणी?"

म्हटलं, "आज वेगळ्या कामाला आलोय."

बसलो. आजोबा खुर्चीत, वेदांत दिवाणावर, टीव्हीवर मॅच. राधिका स्वयंपाकघराच्या दारात आली, हाताला कणीक. मला बघून तिचं तोंड उतरलं. मी पाठ केलं होतं तसं बोललो. आमची वाडी किती, विहीर कशी, मी तापट आहे पण मनाने वाईट नाही, आणि राधिकाचा हात मागायला आलोय.

काकांनी चष्मा काढला. "आईवडील कुठेत?"

"ते येतील. आधी तुमचं कळलं पाहिजे. पुण्याला जायच्या आधी ठरलेलं बरं."

"पुण्याला कोण जातंय?"

तेव्हा मी राधिकाकडे पाहिलं. ती मान हलवत होती, अगदी बारीक, नको नको अशी. मी तोवर बोललो होतो. अठरा तारीख, ट्रेनिंग, होस्टेल. काकांना वाटत होतं क्लास बँकेच्या परीक्षेसाठी आहे, हे मला कसं माहीत असणार?

काका शांतपणे म्हणाले, "हे हिने तुला सांगितलं, आणि बापाला नाही."

"तिने मला लिहून सांगितलंय," मी म्हटलं. वाटलं, काका रागावलेत, तिची बाजू कुणीतरी घेतली पाहिजे. वही उघडून त्यांच्यापुढे धरली, सातव्या नंबरवर बोट ठेवून. "ती कुणासाठी थांबणार नाही म्हणतेय. मी हात मागावा, पाऊल उचलावं, म्हणून."

राधिका म्हणाली, "सुजय, ती इकडे दे."

दिली नाही. काकांच्या हातात गेली होती. ते रोज ऑफिसात इंग्रजी पत्रं लिहितात. त्यांनी वाचलं. परत वाचलं. मान खाली ती खालीच.

आजोबा म्हणाले, "काय लिहिलंय, आम्हाला तरी सांग."

काकांना सांगायचं नव्हतं. पण आजोबांनी काठी आपटली. तेव्हा ते म्हणाले, "लिहिलंय की, तीन पुरुषांच्या हाताखाली राबले. ताटापासून चपलेपर्यंत सगळं हातात दिलं. आता कुणाचं करणार नाही."

"तीन कोण?" आजोबांनी विचारलं.

वेदांतने टीव्हीचा आवाज बारीक केला. मी एकेकाकडे पाहिलं. काका, आजोबा, वेदांत. माझ्या डोक्यात मोजणी झाली आणि तिथेच थांबली. आणि मी बँकवाला, इस्त्रीवाला शोधत होतो.

काका राधिकाला म्हणाले, "हे शिकवतात त्या बाई?"

"शिकवलं नाही. त्यांनी खरं लिहा म्हटलं." तिचा आवाज चढला नाही. "टीचर मंगळवारी येणार होत्या, तुमच्याशी बोलायला. मी सगळं नीट सांगणार होते. आजोबांसाठी दुपारची बाई बघून ठेवलीय, दुसऱ्या मजल्यावर येते ती. डब्याचंही विचारलंय."

"काही गरज नाही. कुठे जायचं नाही."

"मी जाणार आहे, बाबा."

मग ती माझ्याकडे वळली. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला ओरडणं समजतं. तिने विचारलं, "लग्न करून मी काय करायचं होतं तुझ्याकडे?"

मी म्हटलं, "काही नाही. आईची कंबर धरते, तेवढं..."

"तेवढं," ती म्हणाली. "म्हणजे तू चौथा."

मी म्हटलं, मी रोज पाणी आणलं. माझ्या तोंडून हेच निघालं.

"मी नको म्हटलं होतं," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी. तू बाबांना हो म्हणालास."

खरं आहे. मागे जाऊन ही दैनंदिनी बघितली, नऊ जानेवारीला मीच लिहून ठेवलंय.

मग तिने पदरासारखी खोचलेली ओढणी सोडली, हाताची कणीक पुसली, आणि माझ्यासमोरची रिकामी खुर्ची ओढून बसली. नुसती बसली. महिनाभर मी त्या घरात रोज गेलो, तिला बसलेली आज पहिल्यांदा पाहिली. बसल्यावर तिचा चेहरा वेगळाच दिसतो, थोडा मोठा, जास्त दमलेला.

आजोबांना खोकला आला. "राधिका, पाणी दे ग."

ती उठली नाही. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग वहीकडे. आजोबा खोकत होते. माझे पाय आपोआप सरळ झाले, अर्धा उठलोही, माठ कुठे आहे ते मला ठाऊक होतं.

"सुजय, तू नको," राधिका म्हणाली.

मी तसाच उभा राहिलो. बसणं शक्य नव्हतं आणि आत जाणं शक्य नव्हतं. शेवटी वेदांत दिवाणावरून उतरला, स्वयंपाकघरात गेला. आतून फळी वाजली, एक डबा पडला. मग त्याचा आवाज आला, "ताई, ग्लास कुठे असतात?"

ती बसूनच राहिली. काकांनी तोंड उघडलं, बहुतेक सांगायला, आणि त्यांनाही माहीत नसावं.

मला पुष्कळ बोलायचं होतं. चुकलो म्हणायचं होतं, वही वाचल्याची माफी मागायची होती. पण मग तिला त्याचं काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं, माझी समजूत काढावी लागली असती. जिन्यात समोरच्या बाई दळणाचा डबा घेऊन उभ्या राहून ऐकत होत्या. मी चपला हातात घेतल्या, बाहेर आलो आणि माझ्यामागे दार ओढून घेतलं.